माजी विद्यार्थी सन्मान: नामांकनापासून मानपत्रापर्यंतच्या प्रकल्प नोंदी

महाविद्यालयाच्या पदवीधरांपैकी ९ जणांना कारकिर्दीसाठी आणि समाजकार्यासाठी सन्मानित करायचं, एवढंच काम. सोहळा दोन तासांचा, त्यामागची खटपट सहा महिन्यांची. तारखांऐवजी प्रत्येक नोंदीवर सोहळ्याला किती आठवडे उरलेत ते टाकलं आहे. आपल्या सोहळ्याचा दिवस धरून मागे मोजत जा.

नोंद १. २६ आठवडे बाकी. गट आणि नियम

पहिल्या मसुद्यात ‘उत्कृष्ट माजी विद्यार्थी’ असा एकच गट होता. तो तिथेच रद्द केला. मोठ्या कंपनीतलं पद आणि एखाद्या वस्तीत चालवलेली अभ्यासिका एकाच तक्त्यावर ठेवली की पद जिंकतं, कारण पदाला नाव असतं, हुद्दा असतो, बातमी असते. आता तीन गट आहेत: कारकीर्द ३, समाजकार्य ४, पदवीनंतरच्या १० वर्षांच्या आतले २. समाजकार्याला एक जागा जास्त ठेवली ती मुद्दाम. एक-दोनच जागा असल्या की तो गट उत्तेजनार्थ बक्षिसासारखा दिसू लागतो.

तिसऱ्या गटाची मर्यादा वयावर नाही, पदवीच्या वर्षावर लावली. घरच्या जबाबदारीमुळे किंवा नोकरी करत उशिरा पदवी घेणारे वयाच्या अटीत विनाकारण बाद होतात.

नावं यायच्या आधी लेखी ठरवलेल्या गोष्टी: समितीचे सदस्य, परीक्षक आणि संस्थेचे सध्याचे कर्मचारी अपात्र. कोणत्याही निवडणुकीत त्या वर्षी उभे असलेले उमेदवार अपात्र. देणगी हा निकष नाही, देणगीदारांचे आभार वेगळ्या कार्यक्रमात. मरणोत्तर सन्मान चालेल, पण ९ च्या आतच. एकदा सन्मान मिळाला की पुन्हा नाही. हे सगळं आधी लिहून ठेवलं नाही तर नंतर प्रत्येक नियम कुणाला तरी डोळ्यासमोर ठेवून केल्यासारखा वाटतो, आणि बऱ्याचदा तो तसाच केलेला असतो.

नोंद २. २४ आठवडे बाकी. पदवीधरांची यादी

ठरवलेल्या वेळेच्या तिप्पट वेळ यात गेला. प्रवेश नोंदवही, पदवी यादी आणि माजी विद्यार्थी संघाची जुनी यादी अशा तीन याद्या जुळवायच्या होत्या.

पहिली अडचण फुटकळ, पण सगळ्यांनाच येते. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) एक्सेलमध्ये थेट उघडली की देवनागरी नावांच्या जागी चिन्हांचा काला दिसतो. फाइल बिघडलेली नसते, तिचं संकेतन (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ आहे हे एक्सेलला कळलेलं नसतं. फाइल दुहेरी क्लिक करून उघडू नका. आयात करण्याच्या पर्यायातून आणा आणि संकेतन तिथे निवडा. त्याच वेळी नोंदणी क्रमांक आणि फोन हे रकाने ‘मजकूर’ म्हणून सांगा, नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात.

खरी डोकेदुखी नावांची. ‘पंडित’ आणि ‘पण्डित’ वेगळे निघतात हे निदान डोळ्याला दिसतं. ‘गोऱ्हे’सारखं आडनाव मात्र दोन प्रकारे टंकलेलं असतं: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, संगणकाला दोन निराळी माणसं. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण चालवूनही हा फरक जात नाही, तो शोधून-बदलून एका रूपात आणावा लागतो. जुन्या बिगर-युनिकोड टंकातून रूपांतर केलेल्या यादीत तर हीच नावं ‘गोर्हे’ अशी रफार घेऊन आली होती.

लग्नानंतर किंवा इतर कारणानं नाव बदललेल्यांसाठी ‘पदवीवरील नाव’ आणि ‘सध्याचं नाव’ असे दोन रकाने केले. जुळवणी नावावरून करणं सोडून दिलं आणि पदवीचं वर्ष अधिक नोंदणी क्रमांक ही ओळख धरली. नाव फक्त खातरजमेपुरतं. एकाच वर्षी एकाच नावाचे दोघे असतात, आणि त्यातल्या चुकीच्या माणसाला अभिनंदनाचं पत्र जाणं हा कल्पनेतला धोका नाही.

निधन झालेल्यांची खूण वेगळ्या रकान्यात केली. गेलेल्या माणसाच्या नावानं घरी आमंत्रण गेलं तर त्यावर माफीचं पत्र पुरत नाही.

नोंद ३. २१ आठवडे बाकी. नामांकन अर्ज

पहिला अर्ज लांबलचक होता आणि शेवटी फोटो व कागदपत्रं जोडायची सोय. गूगल फॉर्ममध्ये फाइल जोडण्याचा प्रश्न ठेवला की भरणाऱ्याला गूगल खात्यात शिरावंच लागतं. ज्येष्ठ पदवीधर आणि कार्यालयातल्या संगणकावरून भरणारे तिथेच थांबले. शिवाय ज्याचं नाव सुचवायचं त्याची कागदपत्रं सुचवणाऱ्याकडे असणार कुठून?

अर्ज दोन टप्प्यांत तोडला. पहिला टप्पा कुणीही भरावा, पाच प्रश्न, जोडणी काही नाही. कागदपत्रं दुसऱ्या टप्प्यात, प्राथमिक चाळणीतून पुढे आलेल्यांकडून, समिती स्वतः मागेल. फोनवर सांगितलेलं नामांकनही स्वयंसेवक लिहून घेईल, ते कमी दर्जाचं धरायचं नाही.

प्रश्नांची शब्दरचनाही बदलावी लागली. ‘या व्यक्तीच्या योगदानाबद्दल लिहा’ म्हटलं की विशेषणांचा पाऊस पडतो: निःस्वार्थी, हरहुन्नरी, तळमळीनं काम करणारं व्यक्तिमत्त्व. त्यातून गुण देण्याजोगं काहीच हाती लागत नाही. नवे प्रश्न असे: नेमकं काय केलं? कुठे आणि कधीपासून? त्यामुळे कुणाच्या बाबतीत काय बदललं? काम आज चालू आहे का? हे प्रत्यक्ष पाहिलेली, नात्यात नसलेली दोन माणसं कोण? सगळं मिळून २०० शब्द. उत्तरं लगेच सुधारली. विशेषणं लिहिणाऱ्यालाही ‘कधीपासून’ला वर्ष लिहावंच लागतं.

स्वतःचं नाव स्वतः सुचवण्याला परवानगी ठेवली. बंदी घातली की तेच अर्ज मित्राच्या नावानं येतात, फरक काही पडत नाही.

नोंद ४. १९ आठवडे बाकी. आवाहन

साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० च्या आसपास पत्रं जातात, पुढे खातं तात्पुरतं अडतं. संस्थेच्या स्वतःच्या पत्त्यावरून मोठ्या संख्येनं पाठवायचं तर आधी त्या डोमेनच्या एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी (पत्र खरंच त्या पत्त्यावरून आलं हे पटवणाऱ्या) नीट आहेत का ते तांत्रिक विभागाकडून बघून घ्या. नसतील तर निम्मी पत्रं स्पॅममध्ये जातात आणि आपण ‘प्रतिसाद थंड आहे’ म्हणत बसतो. नोंदी दुरुस्त होईपर्यंत एक आठवडा वाया गेला.

सर्वांत जास्त नामांकनं ईमेलमुळे आली नाहीत, प्रत्येक तुकडीच्या एका प्रतिनिधीनं आपल्या गटात टाकलेल्या दोन ओळींमुळे आली. पुढच्या खेपेला प्रतिनिधी आधी, ईमेल नंतर.

नोंद ५. १६ आठवडे बाकी. मध्यावर मोजणी

ही मोजणी मुदत संपल्यावर करून उपयोग नाही, मुदत अर्धी उरली असताना करायची. आलेली नामांकनं गट, शाखा, पदवीचं दशक आणि स्त्री-पुरुष यांनुसार मांडली. चित्र अपेक्षित तेच: कारकिर्दीच्या गटात गर्दी, समाजकार्यात तुरळक. अलीकडच्या तुकड्या भरपूर, जुन्या जवळजवळ गायब. ज्या शाखांचे पदवीधर एकमेकांच्या संपर्कात असतात त्यांचीच नावं पुन्हापुन्हा.

समाजकार्याची नावं आपोआप येत नाहीत, ती जाऊन आणावी लागतात. ते काम करणारी माणसं जुन्या वर्गमित्रांच्या गटात क्वचित असतात, आणि असली तरी आपल्या कामाचे फोटो टाकत नाहीत. म्हणून तीन गोष्टी केल्या. तुकडी प्रतिनिधींना ‘कुणाचं नाव सुचवाल?’ असं विचारणं थांबवून ‘तुमच्या वर्गातले असे दोघं सांगा ज्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही, पण ज्यांचं काम तुम्हाला ठाऊक आहे’ असं विचारलं. निवृत्त प्राध्यापकांना फोन केले, त्यांच्या लक्षात फार काही राहिलेलं असतं. तिसरी आणि सर्वांत फलदायी: शाळा, रक्तपेढ्या, ग्रंथालयं, रुग्णसेवेतल्या संस्था यांना उलट बाजूनं विचारलं की तुमच्याकडे नियमित येणाऱ्या स्वयंसेवकांपैकी आमच्या महाविद्यालयाचे कोण आहेत. त्यांनी थेट नाव कळवू नये, आधी त्या व्यक्तीला विचारावं, अशी विनंती सोबत होती.

याच सुमारास एका नावासाठी तंतोतंत त्याच मजकुराची नामांकनं धडाधड येऊ लागली. नियम असा: एका व्यक्तीचं एकच प्रकरण बनेल, सगळी नामांकनं त्यात एकत्र होतील आणि नामांकनांची संख्या परीक्षकांना दिसणार नाही. हा सन्मान म्हणजे मतदान नव्हे, हे जाहीर आवाहनातच लिहायला हवं होतं. ते वाक्य आता कायमचं घातलं आहे.

नोंद ६. १३ आठवडे बाकी. परीक्षक आणि गुणपद्धत

परीक्षक ७. त्यातले ३ महाविद्यालयाबाहेरचे. समाजकार्याच्या गटासाठी निदान दोघं त्या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेले हवेत, नाहीतर अहवाल सुंदर लिहिणारा पुढे जातो.

प्रत्येकाकडून हितसंबंधाचं निवेदन घेतलं: नातं, व्यवसायातली भागीदारी, सध्या वरिष्ठ-कनिष्ठ संबंध, एकाच संस्थेत पदाधिकारी. नुसती ओळख हा अडथळा धरला नाही, एकाच महाविद्यालयाचे म्हटल्यावर ओळखी असणारच. हितसंबंध असलेल्या प्रकरणाला त्या परीक्षकानं गुण द्यायचे नाहीत आणि चर्चेच्या वेळी खोलीत थांबायचं नाही. ‘थांबेन, पण बोलणार नाही’ हे चालवून घेऊ नका. समोर बसलेल्या माणसाच्या व्याह्याबद्दल मोकळेपणानं कोण बोलेल?

गुणांची बेरीज करण्याचा पहिला बेत चाचणीतच फसला. कारण उदाहरणानं लक्षात येईल. दोन परीक्षक हात आखडून गुण देतात: क्ष ला ७२ आणि ७०, य ला ६८ आणि ६६. तिसरा सढळही आहे आणि कठोरही: क्ष ला ४५, य ला ९०. बेरीज क्ष १८७, य २२४. तिघांपैकी दोघांना क्ष सरस वाटला तरी य जिंकला. म्हणजे ज्याच्या गुणांचा पल्ला मोठा त्याच्या एकट्याच्या हातात निकाल.

म्हणून गुणांवरून प्रत्येक परीक्षकाचा क्रम काढला आणि क्रमांची सरासरी घेतली. वरच्या उदाहरणात क्ष चे क्रम १, १, २ आणि य चे २, २, १. क्ष पुढे. क्रमांचा दोष असा की दोन नावांतलं अंतर दिसत नाही. तेव्हा या पद्धतीनं अंतिम निकाल लावायचा नाही, फक्त चर्चेसाठी वरची नावं काढायची. एखादा परीक्षक काही प्रकरणांतून बाजूला झाला असेल तर सगळ्यांचेच क्रम ज्यानं त्यानं पाहिलेल्या नावांच्या संख्येनं भागून घ्या. १० पैकी ५ वा आणि ६ पैकी ५ वा यांत फरक आहे.

समाजकार्याचे निकष चार: कामाची गरज, सातत्य, प्रत्यक्ष परिणाम आणि ती व्यक्ती बाजूला झाली तरी काम चालेल का. शेवटच्या निकषावर परीक्षकांत बरीच घासाघीस झाली. एकट्यानं वर्षानुवर्षं खपणाऱ्या माणसावर तो अन्याय करतो, हा आक्षेप रास्त होता. त्याचा भार निम्मा केला.

खरे अर्ज देण्याआधी तीन बनावट प्रकरणं सगळ्यांना गुणांकनासाठी दिली आणि उत्तरं शेजारी मांडली. ‘सातत्य’ म्हणजे काम किती वर्षं चाललं की आठवड्याला किती वेळ, यावर एकमत नव्हतं हे तिथे उघड झालं. पाऊण तासाची ही तालीम वगळू नका.

नोंद ७. ११ आठवडे बाकी. निवड बैठक

आडनावाच्या अक्षरक्रमानं चर्चा केली तर पहिल्या चार नावांना प्रत्येकी पंधरा मिनिटं मिळतात आणि शेवटच्या चारांना दोन. घड्याळ लावून प्रत्येकाला सारखा वेळ आणि प्रत्येक गटात चर्चेचा क्रम चिठ्ठ्या टाकून. समाजकार्याचा गट आधी घेतला, डोकी ताजी असताना. प्रत्येक गटात एक राखीव नाव ठरवून ठेवलं. ते लागतंच.

नोंद ८. १० आठवडे बाकी. पडताळणी

निवड झाली तरी कुणालाही कळवायचं नाही. आधी पडताळणी. मान जाण्याची खरी शक्यता इथे असते, म्हणून तपशील जरा जास्त.

पेटंट. ‘नावावर चार पेटंट’ असं लिहिलेलं असतं, त्यातली काही नुसते अर्ज असतात. अर्ज दाखल झाल्यावर साधारण १८ महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो आणि त्यालाही प्रकाशन क्रमांक असतो. त्या क्रमांकालाच लोक मंजुरी समजतात, बहुतेक वेळा प्रामाणिकपणे. पेटंट कार्यालयाच्या शोधसुविधेत स्थिती तपासा आणि मानपत्रात ‘मंजूर’ आणि ‘दाखल’ वेगळं लिहा.

शोधनिबंध. समान नावांमुळे दुसऱ्याचे निबंध खात्यावर येतात. संशोधकांना मिळणारा ऑर्किडचा (ORCID) १६ अंकी ओळख क्रमांक असेल तर तिथून मोजा. नसेल तर यादी त्या व्यक्तीकडूनच मागवा.

आधीचे पुरस्कार. पुरस्कार देणारी संस्था नोंदणी शुल्क घेते का, एका कार्यक्रमात किती जणांना देते, निवड कोण करतं? तिन्हींची उत्तरं धूसर असतील तर तो पुरस्कार मानपत्रात घ्यायचा नाही. मानद पदवीवरून नावाआधी ‘डॉ.’ लावायचं नाही हा नियमही इथेच केला.

पद. ‘संस्थापक’ आणि ‘सहसंस्थापक’ हा फरक उरलेल्या सहसंस्थापकांना फार लागतो. संस्थेच्या नोंदणीतली नावं बघा.

समाजकार्यातले आकडे. ‘१००० मुलांना शिकवलं’ म्हणजे २०० मुलं ५ वर्षं, असं असू शकतं. दरवर्षी तीच मुलं पुन्हा मोजलेली असतात. यात फसवणूक नसते, वार्षिक अहवाल तसेच लिहायची सवय असते. विचारायचं असं: एका वेळी किती, त्यातली नवी किती, मध्ये सोडून गेलेली किती. फोन संस्थेच्या कार्यालयात करू नका, जिथे काम चालतं तिथल्या माणसाला करा. ‘शेवटचे कधी आले होते?’ या एका प्रश्नात बरंच कळतं. आणि ‘त्यांच्याबरोबर आणखी कोण असतं?’ हा प्रश्न सोडू नका. त्यातून एका प्रकरणी सन्मान दोघींना विभागून द्यायचा ठरला, कारण अर्ध्याहून जास्त काम जिचं नाव अर्जात नव्हतं तिचं होतं.

तक्रारी आल्या तर निनावी तक्रारीवरून नाव गाळायचं नाही आणि ती फेकूनही द्यायची नाही. तपासता येण्याजोगा मुद्दा असेल तर तपासायचा, त्या व्यक्तीचं म्हणणं ऐकायचं, तोवर घोषणा थांबवायची. एक राखीव नाव इथे कामाला आलं.

नोंद ९. ८ आठवडे बाकी. कळवणं आणि संमती

पहिला निरोप फोनवर, मागून लेखी. एकाच वेळी चार गोष्टींची संमती घेतली: सन्मान स्वीकारण्याची, फोटो वापरण्याची, चित्रफितीची आणि संकेतस्थळावर माहिती कायम ठेवण्याची. समाजकार्य करणाऱ्यांकडून आणखी एक: त्यांच्या कामातल्या मुलांचे, रुग्णांचे ओळखू येतील असे फोटो वापरायचे नाहीत, त्यांनी आपणहून दिले तरीही.

फोनवरच विचारायचं: ‘तुमचं पूर्ण नाव व्यासपीठावर कसं उच्चारायचं? एकदा म्हणून दाखवता का?’ त्यांच्या परवानगीनं ते रेकॉर्ड करून निवेदकाला द्यायचं.

नकार येतो. तो तसाच स्वीकारायचा, गळ घालायची नाही, आणि कुठे बोलायचंही नाही. बाकीच्यांना आपण कितव्या पसंतीचे आहोत हे कधीच कळता कामा नये.

नोंद १०. ७ आठवडे बाकी. मानपत्रांचा मजकूर

पहिले मसुदे अदलाबदल करता येतील असे होते. एकाचं नाव काढून दुसऱ्याचं घातलं तरी चालावं. कसोटी हीच ठेवली: नाव झाकून वाचा, माणूस ओळखू आला पाहिजे.

आधी: ‘समाजाप्रति असलेल्या अतूट बांधिलकीतून आपण वंचितांच्या जीवनात प्रकाश निर्माण केला.’
नंतर: ‘रात्रपाळी करणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी आपण संध्याकाळी सहा ते दहा अभ्यासिका चालवता. परीक्षेच्या काळात ती एकही दिवस बंद राहिलेली नाही.’

दुसरं वाक्य लिहायला पडताळणीची टिपणं लागतात. म्हणून लिहिणारी व्यक्ती पडताळणी करणाऱ्यांपैकीच असावी. मर्यादा ९० शब्द. व्यासपीठावरून सावकाश वाचताना मिनिटाला १०० ते ११० शब्द होतात. अंतिम मजकूर सन्मानित व्यक्तीला दाखवून लेखी होकार घ्या. तथ्यांत त्यांचा शब्द अंतिम, विशेषणांत समितीचा. (विशेषणं वाढवून मागणारे अपेक्षेपेक्षा कमी निघाले, कापून मागणारे जास्त.)

नोंद ११. ५ आठवडे बाकी. छपाई आणि सन्मानचिन्हं

मानपत्र ए३ आकार, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) आम्लमुक्त कागद. साधा कागद काही वर्षांत पिवळा पडतो आणि चौकटीत ते जास्तच दिसतं. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापल्यावर कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून बाहेर वाढवलेली छपाई.

इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी मजकूर टाकला आणि जोडाक्षरं सुटी झाली, वेलांट्या अक्षरामागे गेल्या. परिच्छेदाच्या मांडणीत वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडला की बसतं. त्याच वेळी मजकुराची भाषा मराठी करा. टंकात सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात.

सन्मानचिन्हाचा पहिला नमुना फुकट गेला. अ‍ॅक्रिलिकवर लेझरनं नाव कोरायला दिलं होतं. कोरणाऱ्याच्या संगणकावर आपला टंक नव्हता, सॉफ्टवेअरनं दुसरा घेतला आणि एका नावातला रफार पुढच्या अक्षरावर सरकला. अ‍ॅक्रिलिकवर कोरलेलं खोडता येत नाही, चिन्हच बाद. दोन बदल केले. फाइल देण्याआधी सगळा मजकूर बाह्यरेषांमध्ये रूपांतरित करायचा, म्हणजे टंकाचा संबंधच राहत नाही. आणि नाव थेट चिन्हावर न कोरता पितळी पट्टीवर कोरून ती चिकटवायची. चूक निघाली तर पट्टी बदलते, चिन्ह वाचतं. राखीव नावासाठीही हेच सोयीचं. अक्षरांची उंची ४ मिमीच्या खाली नेऊ नका, अनुस्वार आणि ऋकार भरून जातात.

दुसरा नमुना चांगला आला, पण दोन दिवसांत त्याच्या कडांना केसांसारख्या बारीक भेगा दिसू लागल्या. उजेडात तिरकं धरलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या. कारण: बोटांचे ठसे पुसायला कुणीतरी स्पिरिट वापरलं होतं. लेझरनं कापलेल्या कडेत ताण अडकलेला असतो, तिथे अल्कोहोल लागलं की अ‍ॅक्रिलिक तडकतं. फक्त पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडकं. खोक्यावर तशी चिठ्ठी लावली, कारण हातावरचं सॅनिटायझरही तेच करतं.

मुद्रितशोधन तिघांनी केलं. तिसऱ्यानं फक्त नावं, आणि तीही संमतीपत्रावरच्या सहीशेजारच्या नावाशी ताडून.

नोंद १२. ३ आठवडे बाकी. फोटो, चित्रफिती, क्यूआर

१० सेंमी रुंद छापायच्या फोटोला ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) सुमारे ११८० पिक्सेल लागतात, ६० सेंमीच्या उभ्या फलकाला १०० डीपीआय धरले तरी २३६० च्या पुढे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेला फोटो आक्रसलेला असतो. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं शब्दशः सांगा.

चित्रफिती प्रत्येकी ९० सेकंद. परगावच्यांची मुलाखत व्हिडिओ कॉलवर घेतली, पण त्याच वेळी त्यांच्या फोनवर वेगळं ध्वनिमुद्रण करून ते मागवलं. कॉलवरचा तुटका आवाज सभागृहात असह्य होतो. सगळ्या फितींचा आवाज एका पातळीवर आणला.

फलकावरचा क्यूआर कोड किती अंतरावरून वाचायचा त्याच्या दहाव्या भागाइतका मोठा: २ मीटरसाठी २० सेंमी. भोवती कोडमधल्या चार बारीक चौकटींएवढी कोरी जागा. सजावटकाराने ती जागा फुलांच्या नक्षीनं भरली आणि निम्मे फोन अडले. दुवा संस्थेच्या स्वतःच्या पत्त्यावरचाच द्या. फुकट लघुदुवे बंद पडतात आणि छापलेला फलक मुका होतो.

नोंद १३. १ आठवडा बाकी. रंगीत तालीम

एका सन्मानाचा हिशोब: नाव पुकारून व्यासपीठावर येईपर्यंत ३० सेकंद, मानपत्र वाचन ५०, प्रदान आणि फोटो ३०, मनोगत ९०. एकूण २०० सेकंद, ९ जणांचे ३० मिनिटं. मनोगत मोकळं सोडून सरासरी ४ मिनिटांवर गेलं तर आणखी साडेबावीस मिनिटं. वेळ सांगणारा दिवा वक्त्याला दिसेल असा ठेवला, प्रेक्षकांना दिसणार नाही असा. पाहुण्यांच्या भाषणाला मात्र कुठलाच दिवा पुरत नाही, त्यांचं भाषण सन्मानांच्या आधी ठेवू नका.

व्यासपीठावर देण्यासाठी कोरी चौकट ठेवायची आणि खरं मानपत्र नंतर द्यायचं, अशी सूचना आली होती. फेटाळली. सन्मानित व्यक्ती तिथल्या तिथे घरच्यांना वाचून दाखवतात. चिन्हं मंचामागे क्रमानं, प्रत्येकाखाली मोठ्या अक्षरांत नाव. चढायला उतार आहे का, हे तालमीतच पाहा.

नोंद १४. सोहळ्याचा दिवस

समाजकार्याचा गट शेवटी ठेवला, कारण शेवटी जे येतं ते मुख्य मानलं जातं. कार्यक्रम १८ मिनिटं लांबला, त्यातली १२ उद्घाटनात. सन्मान वेळेत झाले. विभागून दिलेल्या सन्मानाच्या वेळी मानपत्रं दोन होती, चिन्ह एकच. दुसरं चिन्ह यादीत धरलं गेलं नव्हतं. ‘विभागून’ म्हणजे सगळं दोन दोन, हे खरेदीच्या यादीवर आता लिहिलं आहे.

नोंद १५. सोहळ्यानंतर २ आठवडे

खर्च: ठरवलेल्या रकमेच्या १० टक्के राखीव ठेवले होते, ते बाद झालेला नमुना, वाढीव चिन्ह आणि फलकाची फेरछपाई यांत संपले. सजावटीवर गेलेली रक्कम निम्मी करून ती परगावच्या सन्मानितांच्या प्रवासाला द्यावी, असा ठराव झाला.

संग्रह: प्रत्येकाचा एक फोल्डर, फाइलचं नाव वर्ष-गट-आडनाव-प्रकार. मानपत्राची छपाईची पीडीएफ आणि साध्या मजकुराची प्रत दोन्ही. पीडीएफमधून देवनागरी मजकूर नकलून घेतला की बऱ्याचदा अक्षरं विस्कटतात. परीक्षकांचे गुणतक्ते बंद ठेवले, निकष आणि पद्धत जाहीर केली. निवड न झालेल्या समाजकार्याच्या प्रकरणांची पडताळणीची टिपणं जपली. नामांकन दोन वर्षं जिवंत राहील आणि तसं सुचवणाऱ्यांना कळवलं.

राहिलेली कामं: दुसरं चिन्ह पाठवायचं आहे, पट्टी कोरून झाली. एका चित्रफितीवर उपशीर्षकं चढवायची आहेत. फोटोसाठी संमती न देणाऱ्या एका सन्मानितांचा फोटो समूहचित्रात आला आहे, तो कापून नवी प्रत संकेतस्थळावर टाकायची आणि जुनी सगळीकडून काढायची. हे आजच.